बयाबाईच्या नावाची बाटली

मी बाटली बोलतेय. रिकामी नाही, तेवढं आधीच सांगून ठेवते. माझ्यात गळ्यापर्यंत औषध आहे, तोंडाला लाखेची मोहोर आहे, आणि गळ्यात सुतळीने बांधलेली एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, "पुरावा. हलवू नये." मुक्काम नाशिकच्या एका सरकारी कचेरीतला दप्तरखाना. डाव्या बाजूला जमिनीच्या तंट्याचे कागद, उजव्या बाजूला कुठल्याशा पुलाचे. मी इथे गुन्हेगार म्हणून आलेली नाही. माझ्यावरून मुंबईच्या कौन्सिलात प्रश्न विचारले गेले आहेत. अशी किती बाटल्यांची योग्यता असते?

माझा जन्म विलायतेतल्या भट्टीतला. पोटात उंची दारू भरून मला बोटीत चढवलं. मुंबईला उतरले, आणि एका गोऱ्या साहेबाने आगगाडी घाट चढेपर्यंत मला पार कोरडी केली. इगतपुरीच्या धुवांधार पावसात त्याने मला खिडकीबाहेर भिरकावलं. रुळाकडेच्या गवतात पडले म्हणून वाचले. रेल्वेत खडी टाकणाऱ्या बहिरूने मला उचललं, हुंगून पाहिलं, हळहळला, आणि बहिणीला भेट म्हणून घेऊन गेला. ती बहीण म्हणजे बयाबाई.

बयाबाईचं गाव गव्हाणवाडी, सायखेड्याच्या पुढे, कालव्याच्या कडेला. कालवा आला तसा ऊस आला, उसापाठोपाठ डास आले, आणि श्रावण सरला की घरोघर हिवताप मुक्कामाला येऊ लागला. म्हणून सरकारने वाडीला दवाखाना दिला. दवाखान्याला एक खिडकी, खिडकीत नजीरमिया कंपाउंडर, आणि खिडकीवर पाटी : "स्वच्छ पांढऱ्या काचेची, बुचाची बाटली आणल्याशिवाय औषध मिळणार नाही."

आता वाडीत बाटल्या नव्हत्या असं नाही. पण त्या घासलेटाच्या. नजीरमिया नाक लावून बघत आणि परत पाठवत. पितळेचा तांब्या चालत नसे, औषध कळकतं म्हणून. मडकं चालत नसे, ते औषध पितं म्हणून. सबंध वाडीत पाटीच्या कसोटीला उतरणारी बाटली एकच होती. ती म्हणजे मी.

पहिल्यांदा थोडी कुरकुर झाली. दारूची बाटली, कोणाकोणाच्या घरात जाणार, कोणाकोणाच्या हातची. मग भाद्रपदातल्या तापाने घरोघरची माणसं हुडहुडायला लागली, आणि काचेला विटाळ नसतो यावर एका दिवसात सगळ्यांचं एकमत झालं. दवाखाना उघडा सकाळी आठ ते दहा. तेवढ्या वेळात माझे बारा-बारा हेलपाटे होत. कुसाबाईकडे नेली, तिच्या कळशीत ओतली, परत खिडकीवर. जुलेखाकडे नेली, तिच्या वाडग्यात ओतली, परत खिडकीवर. घरी पितळेत ओतलं तर नजीरमियांची हरकत नसे. नियम खिडकीपुरता होता.

आता घोटाळा कुठे झाला ते ऐका. दवाखान्याला सुरुवातीला एक डॉक्टर होते. बदलीवर जाण्याआधी त्यांनी माझ्या पोटावर चिठ्ठी डकवली आणि मालकिणीचं नाव लिहिलं : "बयाबाई." डकवलेली चिठ्ठी डॉक्टरच्या सहीशिवाय बदलायची नाही, आणि नोंदवहीत नाव चिठ्ठीवरून घ्यायचं, असे दोन नियम. डॉक्टर गेले. दुसरे आलेच नाहीत. तीन वर्षं झाली.

एकदा इब्राहिम मला घेऊन खिडकीशी आला. हा वाडीतला पिंजारी, उंचापुरा गडी. त्याच्या दाढीखाली गळू झालं होतं. नजीरमियांनी चष्मा वर केला, माझी चिठ्ठी वाचली आणि वहीत लिहिलं, "बयाबाई. दाढीखाली गळू."

"मियाँ, मी बाई दिसतो का तुम्हाला?" इब्राहिम म्हणाला.

"अरे बाबा, तू कसा दिसतो त्याचा रकाना नाही इथं," नजीरमिया म्हणाले. "औषध पाहिजे का नको?"

माणूस वाईट नव्हता हो. एकाही तापकऱ्याला त्यांनी कधी कमी घोट दिला नाही. पण नियम म्हटला की ते सगे-सोयरेही ओळखत नसत. अशा रीतीने एकट्या त्या सालच्या अकरा महिन्यांत बयाबाईला, सरकारी वहीप्रमाणे, दोन हजार एकशे चाळीस वेळा औषध दिलं गेलं. तिला डांग्या खोकला झाला, कुत्रं चावलं, कुस्तीत खांदा निखळला, आणि चार महिन्यांच्या अंतराने ती दोनदा बाळंत झाली. खरी बयाबाई पन्नाशीची, डोक्यावर उसाची मोळी घेऊन कालव्याच्या फळीवरून तरातरा चालणारी. तिला आयुष्यात शिंकेपलीकडे काही झालं नव्हतं.

आजारी होती ती तिची सून, मैना. एकोणीस वर्षांची. तिला एक दिवसाआड ताप यायचा, दुपारच्या सुमाराला. थंडी वाजायला लागण्याआधी ती मला कोमट पाण्याने धुवायची, पदराने पुसायची, आणि दोन्ही हातांनी धरून कोनाड्यात ठेवायची. बाकी सगळे मला मानगुटीला धरत. दिवसातून तीनदा, असं महिनाभर औषध पोटात गेलं तर ही पोर उठेल, असं नजीरमियांनी बयाबाईला बजावून सांगितलं होतं. एक घोट चुकला की ताप परत. माझा मैनावर जीव होता. हे दप्तरखान्यात बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सायखेड्याचे वाल्मीकराव तेव्हा आमच्या भागातून कौन्सिलात निवडून गेले होते. द्राक्षं लावणारा माणूस, आवाज खणखणीत, राग नाकावर. वाडीत डॉक्टर नाही हे कळल्यावर त्यांनी सरकारला प्रश्न टाकला. पुढे तो कागद माझ्याच शेजारी येऊन पडला, म्हणून मला तोंडपाठ आहे.

प्रश्न : (अ) गव्हाणवाडीच्या दवाखान्यात तीन वर्षं डॉक्टर नाही, हे खरे काय? (आ) असल्यास, का नाही? (इ) कधी नेमणार?

उत्तर : (अ) होय. (आ) सदर दवाखान्यात एकच रोगी आहे. (इ) प्रश्न उद्भवत नाही. मात्र एका रोग्यासाठी दवाखाना चालू ठेवावा काय, याचा विचार चालू आहे.

सभागृहात खसखस पिकली म्हणे. वाल्मीकराव तसेच टांग्यातून वाडीत आले आणि खिडकीवर हात आपटून म्हणाले, "कोण हो हा एकटा रोगी? दाखवा मला!"

नजीरमियांनी अदबीने माझ्याकडे बोट दाखवलं.

वाल्मीकरावांनी वही चाळली. दाढीच्या गळवापाशी थांबले, पुन्हा वाचलं. मग वही मिटली आणि उपप्रश्न विचारायला मुंबईला गेले. त्या उपप्रश्नामुळे भाद्रपदात एक मोठे डॉक्टरसाहेब मोटारीतून वाडीला आले. साहेबांच्या कागदावर एवढंच होतं : वैद्यकशास्त्राला अपूर्व अशी एक स्त्री, प्रत्यक्ष तपासावी.

बयाबाई नुकतीच मैनाचं औषध घेऊन खिडकीवरून वळली होती. मी काठोकाठ भरलेली, तिच्या हातात. साहेबांनी तिला ओट्यावर बसवलं, जीभ बघितली, नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढली.

"बाई, चैत्रात तुम्ही बाळंत झालात. आणि पुन्हा श्रावणात?"

"या वयात? तोंड सांभाळून बोला, साहेब. माझा मालक जाऊन सात वर्सं झाली."

"आणि कुस्ती?"

"ती म्या अजून खेळली नाय. पण तुमी असंच इचारत राह्यलात तर आज खेळन."

मग सगळी वाडी एकदम बोलायला लागली. इब्राहिमने दाढी वर करून गळवाचा वण दाखवला. भागीबाईने आपलं महिन्याभराचं मूल पुढे केलं. साहेबांना सगळं समजलं. माणूस हुशार होता. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "म्हणजे दोष या बाटलीचा आहे. हिला ताब्यात घ्या."

"घ्या की," बयाबाई म्हणाली. "पर त्यात माझ्या सुनंचं औषध हाय. पोरगी दुपारी तापानं फणफणती. तेवढं वतून घिऊ द्या."

"पुरावा आहे तसाच राहिला पाहिजे," साहेब म्हणाले.

"लय नाय, साहेब. घोटभर."

शिपायाने लाख वितळवली. माझ्या तोंडावर मोहोर बसली तेव्हा बयाबाईने हात पुढेच धरलेला होता. मला मोटारीत ठेवलं, धुरळा उडाला, आणि वाडी मागे गेली.

पुढचं सगळं मी कागदांवरून जाणते. दप्तरखान्यातले कारकून कागद मोठ्याने वाचून मग बांधतात, त्यांची ही सवय माझ्या पथ्यावर पडली. बाटली गेल्यावर वाडीची नोंदवही कोरी राहिली. एक महिना कोरी, दोन महिने कोरी. त्यावर सरकारने कौन्सिलात समाधान व्यक्त केलं : "गव्हाणवाडीत आता एकही रोगी उरलेला नाही. दवाखान्याचा हेतू सफल झाला असल्याने तो फाल्गुनअखेर बंद करण्यात येईल."

पण औषधाचा साठा मात्र घटत होता. रोगी नाही आणि औषध संपतंय, म्हणजे कंपाउंडर स्वतः पीत असला पाहिजे, असा तर्क निघाला आणि नजीरमियांकडे खुलासा मागवला. त्यांचा खुलासा चार ओळींचा होता. मोठ्या कारकुनाने तो दोनदा वाचला.

"मी प्यालो नाही. बाटली नसल्याने लोक तळहात पुढे करतात. तळहात पितळेचा नाही, सबब एकेक घोट ओततो. घरी नेता येत नाही, त्यामुळे तीनदाच्या जागी एकदाच मिळते. तळहाताची नोंद कोणत्या रकान्यात करावी, ते कळवावे."

ते कोणी कळवलं नाही. वाल्मीकरावांनी मात्र कौन्सिलात तिसरा प्रश्न टाकला : बाटली परत कधी देणार? उत्तर आलं, "बाटली सरकारी दप्तराचा भाग झाली असल्याने परत देता येत नाही. अर्ज केल्यास खरी नक्कल मिळेल."

एके दिवशी वाल्मीकराव स्वतः दप्तरखान्यात आले. त्यांनी अर्ज केला. नक्कल कारकुनाने मला टेबलावर ठेवलं, एक डोळा मिटून न्याहाळलं, आणि दौतीच्या शाईने माझं चित्र काढलं. खाली लिहिलं, "अस्सलबरहुकूम खरी नक्कल," वर शिक्का मारला, आणि विचारलं, "नाव कोणाचं घालू?" वाल्मीकराव म्हणाले, "इब्राहिम पिंजारी, गव्हाणवाडी."

आठ दिवसांनी ते परत आले, ते हसू दाबतच. मोठ्या कारकुनाला सांगू लागले, "काय सांगू तुम्हाला! ते चित्र घेऊन मी खिडकीवर गेलो. म्हटलं, नजीरमिया, खरी नक्कल कोर्टात चालते का? म्हणाले, चालते. म्हटलं, मग खिडकीवर का नाही? म्हाताऱ्याने चहाचा अख्खा पेला संपेपर्यंत विचार केला. मग कागद काचेसारखा उजेडात धरला, हुंगला, घासलेटाचा वास नाही याची खात्री केली, आणि म्हणाला, नियमात बसतं, बाटली खिडकीवर आली, आता तांब्या घरचाच समजायचा. तांब्यात औषध ओतलं आणि नकलेवरचं नाव वाचून वहीत लिहिलं, इब्राहिम! तीन वर्षांत पहिल्यांदा दुसरं नाव!"

"मग आता?" कारकुनाने विचारलं.

वाल्मीकरावांनी पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढला. तीनशे अकरा अर्ज होते.

पंधरा दिवस नक्कल कारकून माझीच चित्रं काढत होता. सुरुवातीला मी वाकडी यायची. शंभरीनंतर हात बसला. अडीचशेच्या पुढे तर तो माझ्या काचेवर पडलेली खिडकीची तिरीपसुद्धा काढायला लागला. अर्जांवरची नावं मात्र त्याने खाली मान घालून, मनातल्या मनात वाचली. मी कान टवकारून होते. ऐकू काही आलं नाही.

फाल्गुन संपायच्या आत वाडीच्या वहीत तीनशे बारा नावं चढली. सरकार हादरलं. कौन्सिलात निवेदन झालं : "एकही रोगी नसलेल्या गव्हाणवाडीत एका पंधरवड्यात तीनशे बारा रोगी उद्भवले आहेत. साथ भयंकर आहे. दवाखाना बंद करण्याचा हुकूम रद्द करून तेथे तातडीने डॉक्टर नेमण्यात आला आहे." सभागृहाने बाके वाजवली. तो कागद परवाच माझ्या शेजारी येऊन बसला. डॉक्टर खरंच रुजू झाले, त्यांची सही मी पाहिली. चांगली ठसठशीत आहे.

सगळं छान झालं. वाल्मीकराव जिंकले, सरकारही हरलं नाही, आणि माझं चित्र वाडीतल्या घराघरांत आहे. पण माझ्या मोहोरबंद पोटात ते औषध तसंच आहे. गढूळ झालंय, तळाशी साका बसलाय. ज्या दुपारसाठी ते भरलं होतं, ती दुपार कधीच टळून गेली. नंतर सहा महिने वाडी एकेका घोटावर. इथे येणाऱ्या कौन्सिलाच्या एकाही कागदावर माणसाचं नाव नसतं. असतो फक्त आकडा, आणि तोही बरोबर मांडलेला.

तुम्ही कधी सायखेड्याच्या बाजूला गेलात, तर वाट वाकडी करून गव्हाणवाडीला जा. खिडकीवर नजीरमिया असतील, वही मागून घ्या. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवा, आणि मला येऊन एवढंच सांगा, की त्या तीनशे बारांत मैना आहे ना?