झेंडूच्या बुडाशी ओतलेलं पाणी

मी जर्मनची किटली बोलतेय. परदेशातली नव्हे हो! आपल्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, एवढंच. खुटबावच्या बद्रुद्दीननं मला यवतच्या बाजारातून आणलं. आधी मी डेअरीला दूध नेत होते. पुढं म्हैस विकली आणि माझ्याकडं रानात पाणी नेण्याचं काम आलं.

रानात झेंडू होता. बद्रुद्दीनची बायको शहजादी आणि शेजारच्या रानातली सिंधूबाई सावडीनं फुलं तोडायच्या. आज हिचं काम, उद्या तिचं. बाप्ये आले की माझं झाकण काढून घटाघटा प्यायचे. या दोघी नुसते ओठ ओले करायच्या. "आमची शहजादी लई काटक, घोटभर पाण्यावर दिस काढती," असं बद्रुद्दीन कौतुकानं गावभर सांगायचा. कौतुक करायला त्याचं काय जात होतं!

१९९८च्या उन्हाळ्यात शहजादीला लघवीला जळजळ होऊ लागली. यवतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. उन्हात राबता, तेव्हा त्याहून जास्त. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय समजा. आणि लघवी दाबून ठेवू नका."

शेवटचं वाक्य बद्रुद्दीनच्या डोक्यावरून गेलं. पण माणूस जीव लावणारा. रोज मला काठोकाठ भरायचा आणि बजावायचा, "सांजच्याला किटली रिकामी दिसली पायजे." संध्याकाळी झाकण उघडून बघायचा. मी रिकामी! तो खूश.

खरं काय ते मला ठाऊक होतं. घरी निघताना शहजादी मला झेंडूच्या बुडाशी पालथी करायची. माझा जीव तुटायचा, पण तोंड असून किटलीला बोलता कुठं येतं?

एका दुपारी ती सरीतच कोसळली. अंगात ताप, दातावर दात आपटत होते. बद्रुद्दीन धावत आला, तिला पाणी पाजायला मला उचललं, तर मी भरलेली.

"अगं, पाणी पिलीच न्हाईस?"

शहजादी नुसती रडत होती. सिंधूबाईला राहवलं नाही. "भाऊ, पिऊन जायचं कुठं? माझा ऊस हुता तवर आडोसा हुता. ऊस कारखान्याला गेला, आन् आता पार रोडपतूर समदं उघडं. तुमी बाप्ये कुठंबी उभं ऱ्हाता. आमी दिस मावळायची वाट बघतो."

बद्रुद्दीनला शहजादीकडं बघवेना.

शहजादीला दवाखान्यात ठेवावं लागलं. मूत्रपिंडाला सूज आली होती. ती हाती लागते की नाही, अशी धास्ती घरात बसली होती. ती बरी होऊन येईस्तोवर बद्रुद्दीननं बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवले आणि भोवती खताची पोती शिवून लावली.

"बद्रू, रानात मोरी बांधली व्हय?" बाप्ये हसले.

"व्हय. तुमीबी बांधा."

पुन्हा रानात आली त्या दिवशी शहजादी आधी त्या आडोशाकडं बघत राहिली. मग खाली बसली, मला तोंडाला लावलं आणि पोटभर प्याली. सिंधूबाईनंही माझा तळ गाठला. त्या संध्याकाळी मी खरीखुरी रिकामी होऊन घरी गेले.

आता माझं बूड गळतंय. खुंटीला टांगून माझ्यात झेंडूचं बी ठेवलंय, बरं चाललंय माझं. फक्त एवढं ऐका. घरच्या बाईला "पाणी पी गं" जरूर म्हणा, पण त्याआधी ती जिथं राबते तिथं एकदा जाऊन या. नुसती रिकामी किटली बघून खूश होऊ नका.