तिच्या वाटचा दगड

जंगलाच्या कडेला एक विश्रामगृह होतं. तिथे आम्हा आईबापांना दोरीच्या अलीकडे बसवलं होतं, आणि दोरीच्या पलीकडे आमची सोळा-सतरा वर्षांची पोरं एकेकटी, ताडपत्री, शिधा, पाणी आणि शिट्टी घेऊन. तीन रात्री तशा काढल्या की मूल मोठं झालं, असं हे शिबिर भरवणारी संस्था मानते. मी मानत नव्हते. जिला स्वतःच्या चादरीची घडी घालता येत नाही ती झाडाखाली बसून काय मोठी होणार, असं मी तोंडावर बोलले होते. पण लेकीने हट्ट धरला, आणि लेकीने हट्ट धरला की माझा नवरा आधीच मान डोलवून मोकळा झालेला असतो.

संस्थेच्या ताई निवृत्त वनरक्षक. त्यांनी निघण्याआधी सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. मुलांच्या जोड्या लावलेल्या. जोडीदारांनी एकमेकांना भेटायचं नाही, पण दोघांच्या मुक्कामांच्या मधे एक जागा ठरलेली, ती ताईंनी नकाशावर आम्हा सगळ्यांना दाखवली. एकाने तिथे सकाळी येऊन दगड ठेवायचा, दुसऱ्याने दुपारी. जोडीदाराचा ताजा दगड दिसला तर तो सुखरूप आहे असं समजून परत फिरायचं. दिसला नाही तर तिथूनच शिट्टी फुंकायची, की ताई आणि त्यांची माणसं धावत येणार.

"दोरी ओलांडायची नाही," ताई आमच्याकडे वळून म्हणाल्या. "पोरं घाबरत नाहीत. तुम्हीच घाबरता."

आमच्या लेकीची पाळी सकाळची होती. ते ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला. घरी आम्ही तिला ढारू म्हणतो, कारण ती ढाराढूर झोपते. शाळेच्या दिवशी तिचा बाप तिच्या पायात झोपेतच मोजे चढवायचा. तिचे विज्ञानाचे प्रयोग त्याने केले, तिच्या हरवलेल्या छत्र्यांबद्दल माझी बोलणी त्याने खाल्ली, आणि तिला कमी मार्क पडले तेव्हा शिक्षकांशी भांडायलाही तोच गेला. मी ओरडले की म्हणायचा, "लहान आहे गं अजून."

दोन रात्री सरल्या, आणि त्यानंतरच्या दुपारी शिट्टी ऐकू आली.

ओढ्याकडे उतरणाऱ्या घळीत ढारू सापडली. दगड ठेवायला जाताना पाय घसरला, ती खाली गेली आणि तिच्यामागून आलेली शिळा तिच्या पावलावर बसली. शिट्टी ताडपत्रीखाली उशाशी राहिली होती. स्ट्रेचरवर तिचे ओठ निळे पडले होते. ताईंनी विचारलं, कधी पडलीस? ती म्हणाली, "काल. काल सकाळी." काल सकाळी मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून दुसऱ्या एका आईला पँट लांब करायला खालची दुमड कशी उसवायची ते शिकवत होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी आडवळण घेतलं नाही. पाऊल काढावं लागेल. "कालच आणली असती तर वाचवता आलं असतं," त्या म्हणाल्या, आणि सही मागितली. मी कपडे दुरुस्त करून पोट भरते. कात्री लावण्याआधी दोनदा मापते, ग्राहकाला विचारते, मग तिसऱ्यांदा मापते. इथे मापायला काही नव्हतं. सही केली तेव्हा ते माझं नाव आहे असंही वाटेना.

बाहेर बाकावर ढारूची जोडीदार बसली होती, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे रडून सुजलेले. ताई तिच्यासमोर उभ्या होत्या.

"काल दुपारी तू तिथे गेली होतीस का?"

"गेले होते, ताई. आईशप्पथ. तिचा दगड होता. म्हणून तर मी माझा ठेवून परत आले."

"ती काल सकाळीच पडली. मग दगड ठेवला कुणी?"

"मला नाही माहीत. पण होता."

"खोटं बोलतेस!" मी किंचाळले. "गेलीच नसशील. पडून राहिली असशील." ती पोर इतकी दचकली की बाकावर मागे सरकली.

"तिला बोलू नकोस," नवरा म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. "दगड मी ठेवला."

आधी मला कळलंच नाही. कोणता दगड, असं मी विचारलं. चक्क विचारलं.

काल सकाळी सगळे चहाला गेले तेव्हा तो दोरीखालून वाकून आत गेला होता. लांबून बघायचं आणि परतायचं, एवढंच. तिथे दगड नव्हता. त्याला वाटलं, झोपली. झोपलीच असणार. आता दुपारी शिट्टी वाजेल, सगळे धावत जातील, आणि ही डोळे चोळत बाहेर येईल. सगळ्यांसमोर हसं होईल तिचं. म्हणून त्याने एक बरासा दगड उचलला आणि ठेवला.

"आणि आज?" ताईंनी विचारलं.

"आज नाही गेलो. म्हटलं, एकदा सांभाळून घेतलं. रोज रोज नको."

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या दाराला एक स्विच असतो; दार नीट बंद नसेल तर लिफ्ट हलत नाही. घाईत कुणी त्या स्विचला वायर जोडून त्याला फसवलं, की हा घरी येऊन जेवत नाही, दोन दोन दिवस शिव्या घालतो. आणि यानेच ही वायर जोडली, स्वतःच्या पोरीसाठी, मायेपोटी. मला त्याला मारावंसं वाटलं आणि मी मारलंही, छातीवर, दोन्ही मुठींनी. तो हलला नाही. मग मी त्या मुलीसमोर हात जोडले. तिने तोंड फिरवलं, आणि ते बरोबरच होतं.

ढारू शुद्धीवर आली तेव्हा चादर पायाकडे एका बाजूला लवकर सपाट झालेली होती. तिकडे मी बघत नव्हते, ती बघत होती. मी नवऱ्याला खांद्याला धरून पुढे ढकललं. "तू सांग. तिला तूच सांगायचंस."

त्याने सगळं सांगितलं. झोपेचंही सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, हाताला लागेल ते फेकेल. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मी जागी होते, बाबा," ती म्हणाली. "उजाडायच्या आधीच उठले होते. आपली आपण."

तो खाटेच्या कडेवर बसला.

"पडले तेव्हा आधी श्वासच येईना. मग ओरडायला तोंड उघडलं आणि वरून खोकला ऐकू आला. तुझा. म्हटलं, बाबा आलाय, आता कशाला ओरडायचं? दिसेन त्याला. म्हणून गप्प पडून राहिले." तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मी पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

"मग पावलं लांब गेली. तेव्हा ओरडले, आवाज बसेपर्यंत ओरडले. आणि मग वाटलं, भास झाला असेल. कारण बाबा असता तर मला टाकून गेला नसता."