कापायची जागा

"साहेबांचा चेहरा कापला नाही ना?"

नागपूरच्या सदर भागातल्या त्या लहानशा ऑफिसात हा प्रश्न दिवसातून चारदा तरी विचारला जाई. विचारणारे रविंद्र सर, ऑफिसचे मालक. उत्तर देणारी मोनाली. दुकानांचे, संस्थांचे फोटो नीट करून इन्स्टाग्रामवर टाकायचे, हे तिचं काम. लांबरुंद फोटो आला की त्याचे सारखे चौकोन पाडायचे. पाहणाऱ्यानं बोटानं एकेक सरकवत जायचं, आणि फोटो घडी मोडल्यासारखा उलगडत जायचा.

"नाही कापला सर. पाच भाग केलेत. साहेब मधल्या भागात पूर्ण आहेत."

"मग दे टाकून."

फोटो होता उमरेडच्या एका हातमाग संस्थेचा. रविवारी नागपुरात त्यांचं प्रदर्शन होतं. मधोमध खुर्चीवर अध्यक्ष चंपतराव, दोन्ही बाजूंना सहा-सहा विणकर बाया, आणि सगळ्यांच्या हातांत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब कापड. मोनालीनं फोटो टाकला आणि दुसऱ्या कामाला लागली.

शुक्रवारी अकराच्या सुमारास एक म्हाताऱ्या बाई जिना चढून आल्या. उमरेडच्या एसटीनं आलेल्या. हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड काचा.

"पोरी, आमचा फोटो तूच केला का वं? मी मीराबाई."

"हो मावशी. आवडला?"

मीराबाईंनी कमरेला खोचलेली छोटी पिशवी सोडून मोबाईल काढला. "नातीचा आहे. तिनं लावून देल्ला. पाह्य." त्यांनी चौथा चौकोन दाखवला. उजव्या कडेला एक डोळा, एक कान, अर्धं कुंकू. "हे मी." मग पाचवा. डाव्या कडेला दुसरा डोळा, दुसरा कान. "हेबी मीच!" त्यांनी सरकवता सरकवता बोट मधेच दाबून धरलं. चेहऱ्याचे दोन्ही अर्धे भाग जवळ आले. "असं दाबून धरलं तं मी पुरी दिसते. बोट सोडलं का गेली!"

मोनाली कसनुशी हसली. "मावशी, ते मशीन आपोआप कापते. कोणी ना कोणी फटीत येतंच."

"येतंच? चंपतराव तं नाही आला."

"ते मधे बसले होते ना."

"मंग पाचच तुकडे काहून केले वं? चार काहून नाही?"

मोनालीला आठवलं. चारच केले होते आधी. फट बरोब्बर चंपतरावांच्या नाकावरून गेली, म्हणून तिनं पाच केले. त्यांचा चेहरा तिनं तीनदा तपासला होता. बाकीचे बारा चेहरे एकदाही नाही! आता तिनं फोटो उघडला. तीन बाया मधोमध कापल्या गेल्या होत्या. तिच्याच हातून, आणि तिला दिसल्याही नव्हत्या.

आतून रविंद्र सरांचा आवाज आला, "अरे मावशी, चलता है! शेवटपर्यंत सरकवतं कोण? लोक दोन पाहतात अन् पुढे जातात."

"मंग आमचा तुकडा शेवटी काहून ठेवला, साहेब?"

सर खुर्ची सरकवून बाहेर आले.

मीराबाई खुर्चीवर टेकल्या. आवाज चढलेला नव्हता. "डॉक्टर म्हने, आता माग पुरे, डोळे सांभाळा. पंचेचाळीस वर्सं इनलं मी. लुगड्यावर इननारीचं नाव नसते, पोरी. फोटोतलं ते कापड माह्यं शेवटचं होतं. अन् फोटो पहिला."

त्यांनी पिशवीतून त्याच कापडाची घडी काढून टेबलावर पसरली. मागावरून जशीच्या तशी उतरवलेली, अजून न कापलेली दोन लुगडी. एक संपत होतं, दुसरं सुरू होत होतं, आणि मधे टीचभर जागेत विणलेलं काहीच नाही, नुसते उभे धागे.

"आमी का कापाले भेतो? कापा तं लागतेच. पन कापायची जागा इनतानाच सोडून ठेवा लागते. मंग कातर चालली तरी फुलाले लागत नाही, काठाले लागत नाही. तू आंधी कापलं, अन् मंग एकाच मानसाचं पाहिलं."

मोनालीनं त्या मोकळ्या धाग्यांवरून बोट फिरवलं. मग मोबाईल घेतला आणि पोस्ट काढून टाकली.

"अगं, प्रदर्शन परवा आहे!" रविंद्र सर ओरडले.

"म्हणूनच उद्या उमरेडला जाते, सर."

शनिवारी संस्थेच्या अंगणात मोनालीनं सारख्या अंतरावर खडूच्या तीन रेघा मारल्या. या वेळी भाग चारच. रेघेवर कोणी उभं राहायचं नाही, तिथं फक्त कापड. बाया हसत, ढकलत आपापल्या जागा धरू लागल्या. मीराबाई पहिल्या टोकाला होत्या. कापडाचा काठ धरता धरता त्या गुणगुणल्या,

*मागावरी गं बसते, सूत सुताशी बोलतं,*
*काठावरचा गं धागा, सारं लुगडं तोलतं.*

तेवढ्यात चंपतराव आले. अंगण पाहून थबकले. "माही खुर्ची कुठं आहे वं?"

"मधात ठेवू का?" मीराबाईंनी विचारलं. "पन मधात रेघ आहे. अर्धे तुम्ही इकडे, अर्धे तिकडे."

चंपतरावांनी रेघेकडे पाहिलं. मग बायांकडे. कोणीच सरकलं नाही. ते दोन बायांच्या मधल्या जागेत जाऊन उभे राहिले आणि त्यांनीही कापड धरलं. "दिसतो ना पुरा?" त्यांनी हळूच विचारलं. सगळं अंगण हसलं!

संध्याकाळी नवा फोटो लागला. मीराबाईंनी नातीचा मोबाईल हातात घेतला. पहिल्याच चौकोनात त्या होत्या. सवयीनं बोट काचेवर दाबून धरलेलं. मग जपून, श्वास धरून, त्यांनी ते उचललं.

मीराबाई कुठंही गेल्या नाहीत. पूर्ण कुंकू, दोन्ही डोळे. तिथंच.

सोमवारी ऑफिसात दुसरा फोटो आला, एका शाळेचा. रविंद्र सर मोनालीच्या मागे येऊन उभे राहिले. जुनाच प्रश्न ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

"कोणाचाच चेहरा कापला नाही ना?"

वाचकहो, मशीन आपोआप कापते असं आपण म्हणतो, पण कोणाला वाचवायचं हे आपणच आधी ठरवून बसलेलो असतो. घरात, सभेत, कचेरीत, पंगतीत कापाकापी करावीच लागते. कातर जरूर चालवा. फक्त तिच्या वाटेवर कोण उभं आहे, ते आधी पाहा. आणि कडेला उभ्या असलेल्या माणसापासून पाहायला सुरुवात करा.