उलटी टीप

माझी चाकांची खुर्ची मोडली तेव्हा आधी लोकांचे चेहरे मऊ झाले. मऊ चेहऱ्यांचा मला तिटकारा आहे. आमच्या कारखान्याच्या फाटकापाशी पुढच्या छोट्या चाकावरची नळी कडकन बोलली, चाक बाहेरच्या अंगाला कललं आणि मी तिरकी होऊन भिंतीला टेकले. लगेच माणसं धावली. "अरेरे, बरोबर कुणी नव्हतं का?"

नव्हतं. म्हणूनच तर मी माणसासारखी जात होते.

ती खुर्ची माझ्या मापाची आहे, अंगावर बेतलेल्या कपड्यासारखी. मोठी चाकं हाताशी, वजन हलकं, आणि मागे ढकलायची मूठ नाही. मूठ मी लावूच दिली नव्हती. खुर्ची मोडल्यावर दवाखान्यातून उसनी आली ती ढकलगाडी. जड, रुंद, चाकं एवढीशी की बसणाऱ्याचा हात पोचूच नये. तिच्यात बसलं की लोक माझ्याशी बोलणं सोडून ढकलणाऱ्याशी बोलतात. "ह्या चहा घेतील का?" असं एकाने माझ्यादेखत भावजयीला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा चावत नाहीत."

नवी खुर्ची मापाने बनून यायला वर्ष जाणार होतं. वर्षभर मी सामान होणार होते. मग उरला माझा धाकटा भाऊ. तो वेल्डर आहे. ग्रिल, फाटकं, जिने करतो. गल्ली त्याला ठिणगी म्हणते, कामामुळे आणि डोक्यामुळेही.

"आण इकडे, चुटकीसरशी मारतो," तो म्हणाला.

"आधी दुसऱ्या कशावर तरी मार."

त्याने भंगारातल्या सायकलची तसलीच पातळ नळी घेतली, होल्डरला वेल्डिंगचा रॉड लावला आणि टेकवला. फट्‌ झालं. नळीला बोट जाईल एवढं भोक.

"फाटक असतं तर झालं असतं," तो म्हणाला.

"मी फाटक नाही."

पुढच्या आठवड्यात तो पातळ नळीला चालणाऱ्या टिग वेल्डिंगची टॉर्च घेऊन आला. मशीन तेच, रॉडचं छोटं डीसी मशीन. रॉडऐवजी टॉर्चमध्ये टंगस्टनची सुई. ती वितळत नाही, फक्त जाळ धरते. जोडायची तार दुसऱ्या हाताने भरवायची. टॉर्चच्या दांड्यावरची चावी फिरवली की सुईभोवतीच्या चिनी मातीच्या टोपीतून आर्गॉन वायू येतो आणि तापल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. हे सगळं तो मला असं समजावत होता जणू हा शोध त्यानेच लावला. आयुष्यात टिग मारलेलं नव्हतं पठ्ठ्याने. कुठे तरी बघून आला होता.

ढकलगाडी शेडमध्ये ढकलून घेतली आणि मी त्याचा वेल्डिंगचा जुना काळा चष्मा लावून बसले. भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही आत बसा, डोळ्यांना त्रास होईल." म्हटलं, खुर्ची माझी आहे, मी बघणार.

पहिल्याच झटक्याला सुईचं टोक वितळून गोटी झालं.

"सुई खराब दिली साल्याने!" ठिणगी पेटला.

सुई चांगली होती. रॉड मारताना होल्डर अधिकला लावायची त्याच्या हाताला सवय, टॉर्चही तशीच अधिकला लावली होती. सगळा ताप सुईवर. वायरी उलटसुलट केल्या, टॉर्च उणेला, अर्थिंगचा चिमटा अधिकला, आणि सुई शाबूत राहिली. मग सुईला पुन्हा टोक काढून त्याने ती नळीवर काडेपेटीसारखी खसकन ओढली. चिकटली. उपटली. पुन्हा ग्राइंडरवर. पुन्हा चिकटली. शेवटी नळीशेजारी तांब्याची पट्टी ठेवली, तिच्यावर हलकेच ओरखडा देऊन जाळ पेटवायचा आणि मग नळीवर सरकायचं ठरलं. हे जमलं. वितळल्या लोखंडाचं चिमुकलं चकाकतं डबकं दिसलं, त्यात तार बुडवत तो पुढे गेला, आणि भोक पडलं नाही. भोक नाही म्हणून आम्ही तिघं खुळ्यासारखे हसलो.

आणि ह्या शहाण्याने हातोडी घेतली आणि जोडावर ठोकू लागला.

"काय करतोस?"

"स्लॅग काढतोय."

"कुठाय स्लॅग?"

त्याने बघितलं. रॉडच्या जोडावर जी काळी खपली धरते ती इथे नव्हतीच. जोड उघडा, स्वच्छ. एवढ्या वर्षांचा हात नसलेली खपली फोडत होता. भावजय हसून हसून खाली बसली. "घरातही असंच करतात, वन्सं. काही झालेलं नसतं, तरी ठोकतात."

पण जोड टिकत नव्हता. पक्कडीत धरून तो नळी वाकवी आणि ती तडकायची. मी म्हटलं, इकडे दे. मी कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासते. दोन्ही हातांनी शिवण ओढायची आणि कुठे सुटते ते बघायचं, हे माझं काम. लोकांना ते काम वाटत नाही. त्यांच्या पँटी उसवत नाहीत त्या माझ्यामुळे. मी सगळ्या तडकलेल्या नळ्या मांडीवर घेतल्या आणि बोटाने चाचपल्या. सगळ्या एकाच जागी गेल्या होत्या. मध्ये नाही. जिथे त्याने काम संपवलं, तिथे. त्या टोकाला खळगा होता आणि खळग्यात चांदणीसारखी बारीक भेग.

"तू शेवटी काय करतोस?"

"काय करणार? उचलतो."

"कसा?"

त्याने हात झटकून दाखवला. रॉड असाच उचलतात: झालं की खेचला, मोकळा. आयुष्यभर हेच. जाळ एकदम तुटतो, डबकं अर्धवट गोठतं, आणि टॉर्चबरोबर वायूही निघून जातो. तापलेलं लोखंड हवेत उघडं पडतं.

"त्याला इलाज नाही," तो चिडून म्हणाला. "चांगल्या मशीनला पायाखाली पेडल असतं. पाय हळूहळू सोडला की जाळ हळूहळू विझतो. आपल्याकडे पेडल नाही. पायाशिवाय नाही होत हे काम!"

भावजयीने पदर तोंडाला लावला.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

"ताई, मला तसं..."

"पायाशिवाय होत नाही म्हणतोस, आणि कुणाला सांगतोस?"

तो मान खाली घालून टॉर्चची वायर गुंडाळायला लागला. गुंडाळू दिली असती तर त्या संध्याकाळी सगळं संपलं असतं. त्याला माफी मागता येत नाही आणि मला देता येत नाही. आमच्या घराण्याची देणगी आहे ती. आणि ढकलगाडी दाराशी उभीच होती.

"शिवण कशी संपवतात ते बघितलंयस?" मी म्हटलं. "काठाला पोचल्यावर दोरा तोडत नाहीत. तोडला की उसवते. काठावरून मागे फिरतात, शिवलेल्यावरच चार टाके उलटे घालतात, आणि मग तोडतात. उलटी टीप."

"हे कापड नाही, ताई."

"लोखंडाला टाके तूही घालतोस ना? दिवसभर ओरडत असतोस, टाका मार, टाका मार."

त्याने नवी नळी घेतली. टोकाला पोचला आणि मला दिसलं की त्याचा हात झटकायला निघाला होता. खांदा उडालाच. पण मनगट आवरलं. तो जोडावरून मागे फिरला, वेग वाढवत, तार न भरवता. डबकं आकसत आकसत ठिपका झालं, तेव्हा जाळ तोडला, आणि लगेच टॉर्च परत त्याच जागी आणून नुसता वायू सोडत थांबला. लाली जाईपर्यंत थांबला. मी त्याला कुठल्याही कामानंतर असा थांबलेला कधी बघितला नव्हता.

ती नळी वाकली. दुमडली. जोड नाही तडकला.

तरी मी त्याला भंगार संपेपर्यंत खुर्चीला हात लावू दिला नाही. एकदा त्याने सवयीने हात झटकला, मी ओरडले. एकदा तो मागे फिरायला विसरला आणि स्वतःलाच शिवी दिली. मग माझ्या खुर्चीचा रंग घासला, नळी चकचकीत केली आणि तुकड्या-तुकड्यांनी गोल जोडत गेला. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मागे फिरून, थांबून.

जोड दिसायला भिकार होता. कुठे जाड, कुठे बारीक, रंग राखेसारखा.

"असली शिवण आमच्याकडे आली असती तर परत पाठवली असती," मी म्हटलं.

"पाठव मग."

"नाही. खालच्या अंगाला आहे, दिसत नाही."

मी खुर्चीत बसले. शेडमध्ये गोल फिरून काही कळत नाही, म्हणून रस्त्यावर गेले. फुटपाथची कड उंच आहे, चालणारी माणसंही तिथे अडखळतात. कडेशी गेले आणि पुढची चाकं मुद्दाम खाली सोडली. दाणकन. सगळं वजन त्या जोडावर. ठिणगीने डोळे मिटून घेतले; इतक्या वर्षांत जाळाकडे बघताना न मिटलेले.

चाक सरळ होतं. मी बोट फिरवलं. खळगा नाही, भेग नाही. तरी दुसऱ्यांदा सोडली. माझं कामच ते आहे.

मग हात चाकांवर ठेवले आणि निघाले.

"कुठे निघालीस?" तो मागून ओरडला.

"माहीत नाही."

"मी येऊ?"

"ये. पण मागून नको. शेजारून चाल."