शनिवारची फणी

निंबाआबांचा त्या भांड्यावर पहिल्या दिवसापासून राग होता. जळगावला मुलाच्या ओट्यावर तो विजेवरचा स्लो कुकर सकाळी सातला लागायचा आणि त्यातली खिचडी संध्याकाळी पाचला तयार व्हायची. "एवढ्यात तं माणूस रावेराहून जयगावले दोनदा येऊन जाईन," असं आबा म्हणायचे. पण खायचे तेच. नात मेघाच्या पथ्यापायी घरात सगळ्यांना एकच अन्न होतं, आणि दर शनिवारी रावेरहून येऊन एक रात्र राहणारे आबा काही पाहुणे नव्हते.

मेघा सहा वर्षांची. दीड वर्षापासून तिच्या कोपरांत, गुडघ्यांमागे लाल चट्टे उठायचे. खाजवून खाजवून कातडी सोलवटायची, पोटात कळ यायची, आणि शाळेतल्या मुली तिच्या शेजारी डबा उघडेनात. मलमं लावून लावून सगळे थकले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोर काय काय खाते ते सगळं लिहून आणा. संशयाचं तेवढं एकदम बंद करू, चट्टे गेले की एकेक पदार्थ परत देऊन पाहू. सून रूपाली यादी लिहायला बसली तेव्हा आबा समोर मांडी ठोकून बसले होते. शेंगदाणे, दूध, गहू, उडीद घातलेली कळण्याची भाकरी, शेव, ठेचा, बिस्किटं. बघता बघता दोन पानं भरली.

मग एकेक बंद झालं. रूपाली शाळेत शिकवायची, मुलगा हितेंद्र पाइपच्या कारखान्यात होता. सकाळी तांदूळ, मूगडाळ, दुधी, हळद आणि मीठ त्या भांड्यात टाकून दोघं निघायची. "तिला जे नाही ते घरात कुणालाच नाही," हा रूपालीचा कायदा. शेंगदाण्याशिवाय भाजी ही काय शिक्षा असते ते खानदेशी माणसालाच विचारावं. आबांनी ती निमूट भोगली. जेवण झालं की पिशवीतून केळ्यांची फणी काढायची, आपल्या बागेतली, पिवळीधमक, आणि पोरीला आपल्या हाताने केळं सोलून द्यायचं, एवढंच काय ते सुख उरलं होतं. फणी तिला आठवडाभर पुरायची.

महिना गेला, चट्टे जागचे हलेनात. रूपालीचा चेहरा उतरला. त्यातच बागेत कापणी निघाली आणि आबांचे दोन शनिवार हुकले. तिसऱ्या शनिवारी ते आले तर मेघा बिनबाह्यांचा फ्रॉक घालून दारात उभी. दंड केळीच्या गाभ्यासारखे नितळ. आबांना भरून आलं. त्यांनी चक्क त्या भांड्याला हात जोडले. "माफ कर बाबा, तुले लई बोललो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे त्याच दुपारी पहिला पदार्थ परत आला, गहू. मेघाने एक फुलका खाल्ला. संध्याकाळी आबांनी पिशवीतून फणी काढली आणि तिला केळं सोलून दिलं.

रविवारी सकाळी चट्टे मानेपर्यंत चढले होते. रूपालीने वही काढली, 'गहू' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि पाठ फिरवून रडली. हितेंद्र म्हणाला, "निदान सापडलं तरी."

आबा पोरीजवळ बसले होते. ती सारखी घसा खाकरत होती.

"काय होतं माय?"

"काही नाही. केळं खाल्लं की असंच खवखवतं. तुम्हाला सांगितलं होतं ना मी."

सांगितलं होतं. दिवाळीत, बागेत. तेव्हा ते हसले होते. "केयानं कधी कोनाचा घसा धरला का? पानी पी." पोर पाणी प्यायली होती आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नव्हती.

आबांना रूपालीची यादी आठवली. त्या दोन पानांत सगळं आलं होतं, केळं आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, रूपालीने लिहिलं नव्हतं, हितेंद्रला आठवलं नव्हतं. तीन पिढ्या केळीवर जगलेल्या घरात केळं खाण्यात कुणी धरतच नव्हतं. पाणी कुणी यादीत लिहितं का? आणि दोन शनिवार ते आले नाहीत तर पोर बरी झाली होती.

गहू वहीत लिहून झाला होता. गप्प बसलं असतं तर गव्हावर निभावलं असतं. हे आबांच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. तिला पहिला घास त्यांनीच भरवला होता, तोही कुस्करलेल्या केळ्याचा. त्याच हाताने पोरीला दुखणं दिलं हे आपल्या तोंडाने कसं सांगायचं? बसची वेळ होत आली होती. पिशवी उचलून जिना उतरले असते तर कुणी काही विचारलं नसतं. त्यांनी मेघाच्या मानेकडे पाहिलं.

"रूपाली," ते म्हणाले, "गव्हाचं नाव खोड. केयं लिव्ह."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, घशाचंही आणि आपण हसलो होतो तेही. रूपाली वही घेऊन खालीच बसली. "आबा, यादी मी लिहिली. मी आई आहे तिची. मला सुचायला हवं होतं." हितेंद्रने फणी उचलली आणि तो बाहेर गेला.

"तू मायले काहून नाही सांगितलं?" आबांनी मेघाला विचारलं.

"तिने केळी बंद केली असती. मग तुम्ही शनिवारी कशाला आले असते?"

आबांना रडू आवरेना. सुनेसमोर ते कधी रडले नव्हते.

डॉक्टरांनी तपासण्या करून तेच सांगितलं. पुढच्या शनिवारी आबा बागेकडे फिरकले नाहीत. केळीच्या चिकाचे डाग पडलेले रोजचे कपडे घरी ठेवून, लग्नाकार्याचा सदरा चढवून ते बसमध्ये बसले. आठवडाभर त्यांनी स्वतः केळं तोंडात घातलं नव्हतं. कायदा तो कायदा. मांडीवर पिशवी नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत तेच त्यांना समजेना.

दार मेघाने उघडलं. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग मागे जिन्याकडे.

"काहीच नाही आणलं?"

"नाही माय."

"तरी आले?"

"तरी आलो."

तिने त्यांचं बोट धरून त्यांना आत नेलं. ओट्यावर भांड्याचा दिवा लागलेला होता. "आबा, खिचडीला अजून तास आहे," रूपाली म्हणाली.

"शिजू दे," आबा पोरीला मांडीवर घेत म्हणाले. "मले काही घाई नाही."