थोरल्याची बरणी

धाकट्याने बरणीच्या काठावरून अंगठ्याचं नख सावकाश गोल फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. मग ती बरणी उलटी करून त्याने खिडकीतल्या उन्हात फडक्यावर ठेवली आणि दुसरी उचलली. बरण्या नुकत्याच उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या. आत एक थेंब जरी राहिला तरी तंबाखूला बुरशी धरते, आणि या घरात बुरशी धरली की तिचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटायचं हे ठरलेलं होतं. मागे एकदा कुणीतरी सुचवलं म्हणून वडिलांनी स्वतःच्या हाताने बरणीत सफरचंदाची फोड टाकली होती, तंबाखू मऊ राहावी म्हणून. अख्खी बरणी गेली. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की झाकण कुणी लावलं होतं. झाकण धाकट्याने लावलं होतं.

वडील निवृत्त न्यायाधीश. सगळी गल्ली त्यांना जज्जसाहेब म्हणायची. उभा जन्म दोन्ही बाजू ऐकून त्यांनी निकाल दिले, घरात मात्र त्यांना एकाच बाजूचं ऐकू यायचं. थोरला हुशार निघाला, परदेशी गेला, तिकडेच मोठा झाला. धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याचं लग्न राहूनच गेलं. आई गेल्यापासून वडिलांचं पथ्यपाणी, औषधं, पाइप आणि बरण्या सगळं त्याच्याच गळ्यात होतं. जज्जसाहेबांची बोटं आता वळत नव्हती. त्यांना झाकण फिरवता यायचं नाही, पाइप भरता यायचा नाही, काडीसुद्धा ओढता यायची नाही. पण धाकट्याने भरलेल्या पाइपला त्यांनी कधी बरं म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

एका गोष्टीच्या जिवावर मात्र त्याने ही सगळी वर्षं काढली होती. कपाटाच्या सगळ्यात वरच्या, अंधाऱ्या फळीवर लाखेने बंद केलेल्या दोन जुन्या बरण्या होत्या. एक थोरल्याच्या जन्माच्या वेळी भरलेली, दुसरी त्याच्या. मुलगा पन्नाशीला आला की त्याची बरणी फोडायची आणि बापलेकांनी समोरासमोर बसून ओढायची, असं जज्जसाहेबांनी कधीकाळी ठरवलं होतं. दोन्ही बरण्या एका मापाच्या, दोन्ही सारख्याच भरलेल्या. लहानपणी मार खाल्ला की धाकटा त्या कपाटापाशी जाऊन उभा राहायचा. एवढं तरी बाबांनी दोघांना सारखं दिलंय, हे त्याला तिथे दिसायचं. आजवर त्याने तंबाखूला तोंड लावलं नव्हतं. पहिला झुरका त्याने त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. त्याच्या पन्नाशीला अजून चार वर्षं होती आणि वडील किती पुरतील याची धास्ती त्याला आतल्या आत खायची.

आज पन्नासावं थोरल्याला लागलं होतं. तो बायकोला घेऊन मुद्दाम आला होता. दुपारी सगळे बैठकीत जमले तेव्हा धाकट्यानेच स्टूल घेऊन थोरल्याची बरणी खाली काढली, लाख खरवडली आणि झाकण फिरवलं. खोलीभर गोडसर, दाट वास पसरला. जज्जसाहेबांचे डोळे भरून आले. धाकट्याने पाइप भरला, काडी धरली. थोरल्याने दोन झुरके घेतले, खोकून लाल झाला आणि हसत पाइप खाली ठेवला. हे सगळं सोडून मला जमाना झाला, म्हणाला. जज्जसाहेबांना त्याचंही कौतुकच वाटलं. प्रकृतीला जपतो हो, असं ते सुनेला म्हणाले.

वहिनी मनाने चांगली होती. तिला वाटलं, आनंदात आनंद.

“भाऊजींचीही आजच फोडू या ना,” ती म्हणाली. “त्या वेळी आम्हाला यायला जमेल, न जमेल.”

“राहू दे,” जज्जसाहेब म्हणाले.

पण धाकटा तोवर स्टुलावर चढला होता. त्याचे कान तापले होते. पन्नाशीची अट त्याने स्वतःच मनातल्या मनात माफ करून टाकली. बरणी मांडीवर घेऊन त्याने लाख काढली. झाकण उघडायची त्याची घाई वहिनीने पाहिली आणि ती हसली.

वास आलाच नाही. आत कोरडा भुगा होता, काड्या आणि देठं. त्याने बोट घालून हलवलं तर एक जळकी काडी वर आली.

जज्जसाहेबांनी वर्तमानपत्र उचललं होतं, ते खाली ठेवलं. निकाल वाचावा तशा सरळ आवाजात ते म्हणाले, “ती तंबाखू मी केव्हाच ओढली. याला पहिल्यांदा विमानात बसवून आलो ना, त्या आठवड्यात. घर नुसतं खायला उठलं होतं.”

“आणि हे?”

“डब्यांचा तळ झाडला, तो भरला आणि वर पुन्हा लाख लावली. रिकामी दिसली असती तर तुला वाईट वाटलं असतं.”

घर खायला उठलं होतं. त्या घरात त्या आठवड्यात धाकटा होता. वडिलांना जेवणासाठी तीन-तीनदा हाका मारत होता, हे त्याला लख्ख आठवलं. वहिनी मान खाली घालून साडीची निरी सारखी करत बसली. अरे तंबाखूच ती शेवटी, असं म्हणत थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. धाकटाही हो ना म्हणाला आणि त्याने झाकण लावलं. चहा कुणाकुणाला हवा, हेही त्यानेच विचारलं.

थोरला आणि वहिनी गेल्यावर, दुसऱ्याच दिवशी सकाळी, त्याने दोन्ही बरण्या ओट्यावर घेतल्या आणि आतला माल बदलला. थोरल्याची तंबाखू आपल्या बरणीत भरली, तिला नवी लाख लावली. भुग्यातली देठं निवडली, जळकी काडी फेकून दिली, उरलेला भुगा ओल्या फडक्याखाली ठेवून मऊ केला आणि थोरल्याच्या बरणीत दाबून बसवला. राग होताच, नाही कसा. पण रागापेक्षाही, आपण पकडले जावं असं त्याला वाटत होतं. पहिल्याच झुरक्याला बाबा थुंकतील, हे काय भरलंस म्हणून विचारतील, आणि मग तो सगळं बोलणार होता. सबंध आयुष्यात बोलला नव्हता ते सगळं. पाइप साफ करताना, दुकानात काच घासताना, येताजाता त्याने ते बोलणं मनात घोकून ठेवलं होतं.

संध्याकाळी जज्जसाहेबांनी थोरल्याच्या बरणीतली भर म्हणून फर्मावलं. त्याने भरली. काडी ओढून पुढे धरली आणि वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिला.

जज्जसाहेबांनी झुरका घेतला. थोडा वेळ आत ठेवला. मग डोळे मिटून सावकाश धूर सोडला.

“याला म्हणतात जपलेली तंबाखू,” ते म्हणाले.

धाकट्याच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.

“तुझ्या बरणीतली पहिल्या झुरक्यालाच कडू लागली होती,” डोळे न उघडता ते पुढे म्हणाले. “तरी संपवली मी. टाकली नाही.”

थोड्या वेळाने पाइप विझला. जज्जसाहेबांनी तो पुढे केला, आणि धाकट्याने त्यात पुन्हा एक चिमूट भरली, अंगठ्याने दाबली आणि दुसरी काडी ओढली.