तोंड झाकून एक तास

थोरलीनं सोळावा मास्क उसवायला घेतला तेव्हा तो अजून तिच्या तोंडावरच होता. आधी काढावा आणि मग उसवावा, एवढा धीर उरला नव्हता. छोटी कातर हनुवटीखाली सरकवून तिनं टीप टचाटच तोडली. कापड दोन्ही गालांवर पडद्यासारखं लोंबायला लागलं.

"गप्प बसलास की शहाणा," ती आरशात बघून म्हणाली. "तोंड उघडलं की घसरलास."

थोरलीच्या हातची टीप साधीसुधी नव्हती. सांगणारे सांगतात, तिनं एका गृहस्थाच्या कोटाला बटण लावून दिलं होतं. कोट विरला, गृहस्थ विरले, बटण अजून जागेवर आहे. कसल्या जागेवर, ते मात्र सांगणारे सांगत नाहीत. अशा बाईला हातभर कापडाच्या तुकड्यानं आठ दिवस नाचवावं, हे काही तिला पचत नव्हतं.

मास्क हवे होते पंधरा. तिची पुतणी रस्त्याच्या टोकाच्या इस्पितळात नर्स होती आणि साथीच्या वॉर्डात होती. तीन आठवडे ती घरी आली नव्हती, तिकडच्याच खोल्यांत राहत होती. वॉर्डात मिळालेले मास्क जाड होते. रबर कानामागं रुतून सगळ्या जणींची कातडी सोलवटली होती. मग कोणी ते हनुवटीवर ओढायचं, कोणी नाकाखाली. त्यातल्या दोघी आता त्याच वॉर्डात खाटेवर होत्या.

नमुन्याचा एक मास्क तिला धाडला होता, तो लावून पाहून त्याच दिवशी सकाळी पोरीचा फोन आला होता. थोरली फोन शिलाई मशीनच्या फळीवर ठेवून, आवाज मोठा करून बोलायची. हात मोकळे राहतात.

"मोठी आई, कानाचं काम फत्ते. नाड्या डोक्यामागं बांधल्या की कानाला पत्ताच नाही."

"मग रडतंय कुठं?"

"गप्प असलं की मस्त बसतो. बोलायला लागलं की नाकावरून खाली."

"मग जरा कमी बोलावं माणसानं."

"चाळीस पेशंट आहेत, मोठी आई. निम्म्यांना ऐकू येत नाही."

"मग तू काय करतेस?"

फोनमधून नुसती वॉर्डाची खडखड आली. थोरलीचा पाय पायट्यावर थांबला. पोरगी नाक उघडं ठेवत होती.

"परवा सकाळी वॉर्डातले मामा येतील न्यायला," पोरगी म्हणाली. "नाही जमलं तर राहू दे हं."

"राहू दे म्हणे," थोरली फोन बंद झाल्यावर फोनला म्हणाली. "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी राहू दिलेलं नाही काही."

आता बोलताना न घसरणारा मास्क करायचा तर तो लावून बोलायला हवं. तिनं पाढे म्हणून पाहिले. एकोणतिसापर्यंत गेली, पण पाढ्यांना तोंड पुरेसं उघडावं लागत नाही. गाणं म्हणून पाहिलं, तर खिडकीतलं मांजर उठून चालतं झालं आणि दुपारपर्यंत परतलं नाही. माणसाचा जबडा पुरता उघडतो तो दोनच ठिकाणी, दाताच्या डॉक्टरसमोर आणि भांडणात. डॉक्टरसमोर मास्क चालत नाही. राहिलं भांडण. आणि थोरलीशी तोडीस तोड भांडू शकेल अशी बाई आख्ख्या गावात एकच होती. ती भिंतीपलीकडं राहत होती.

धाकटी तिची जाऊ. नर्स झालेल्या पोरीची जन्मदाती आई. दोन भावांचं एक घर, मधे एक भिंत, मागं एक अंगण. भाऊ गेले, जावा उरल्या. धाकटीचा आवाज असा की, एकदा तिनं गच्चीवरून भाजीवाल्याला हाक मारली तर नदीपलीकडचे दोन भाजीवाले गाड्या वळवून आले होते. पण थोरलीसाठी तो आवाज सहा वर्षं बंद होता. निरोप जायचे ते पोरीमार्फत. 'मोठ्या आईला सांग, दूध उतू जातंय.' 'आईला सांग, नाक आहे मला.' पोरगी इस्पितळात राहायला गेल्यापासून तेही बंद. दूध दोनदा उतू गेलं आणि भिंतीपलीकडून कोणी ठसकलंसुद्धा नाही. अबोल्याचं कारण दोघींना पाठ होतं, म्हणून उच्चारायची वेळ कधी आली नव्हती.

थोरलीनं ओठ घट्ट मिटले, अजून न उसवलेले दोन मास्क साबणानं धुतलेल्या ताटलीत ठेवले आणि जाऊन धाकटीची कडी वाजवली.

दार उघडलं.

"भांडायला येतेस?" थोरली म्हणाली.

धाकटीनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"कोणाशी?"

"माझ्याशी. तासभर. हा लावून. बोलताना घसरतो, कुठं अडतंय ते कळत नाही."

धाकटीनं ताटलीकडं पाहिलं, मग थोरलीच्या बोटांकडं. सुईनं टोचून ती चाळणीसारखी झाली होती.

"तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी. आणि आणखी चौदा जणींसाठी."

"हात धुऊन येते," धाकटी म्हणाली.

अंगणात दोन स्टुलं मांडली, मधे तीन हातांचं अंतर. थोरलीनं शिवणाच्या खडूनं स्वतःच्या नाकावर आडवी रेघ ओढली आणि दुसरा खडू धाकटीकडं टाकला. मास्क रेघेच्या वर बांधायचा. रेघ दिसली की मास्क नापास. कापडाला हात लावायचा नाही. घड्याळ पायरीवर.

"सुरू कोणी करायचं?" धाकटीनं विचारलं.

"तू कर. तुला सवय आहे."

"बघा. म्हणजे सुरू तुम्हीच केलंत."

सहा वर्षं झाकून ठेवलेलं भांडण होतं ते, पण वरचा थर साधाच निघाला. दोरी. कपडे वाळत घालायची अंगणातली दोरी कोणाची, खुंटी कोणी ठोकली. मग थोरलीचा मरून टॉवेल, ज्याचा रंग धाकटीच्या पांढऱ्या चादरीला लागला होता.

"बारा वर्षं झाली त्याला!"

"रंग अजून आहे! येऊन बघा!"

"तुझी चादर मुळात पांढरी होती हेच मला मान्य नाही!"

"तुम्हाला काय मान्य आहे? तुम्हाला आरसा मान्य नाही!"

अकराव्या मिनिटाला धाकटी स्टुलावरून उठलीच.

"रेघ! रेघ दिसली! घसरला तुमचा!"

इतका आनंद तिच्या आवाजात कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता. थोरलीनं जागच्या जागी मास्क काढला आणि बोटांनी चाचपला. चूक आता तिला दिसली. तिन्ही चुण्या तिनं आपल्या सवयीनं घट्ट, कायमच्या शिवून टाकल्या होत्या, त्या कोटाच्या बटणासारख्या. जबडा खाली गेला की कापडाला उलगडायला जागाच नाही, मग ते नाकाकडून ओढून घेतं. सबंध आयुष्य न सुटणारी टीप घालण्यात गेलं, आणि इथं सुटी चुणी हवी होती.

तिनं खालची चुणी मोकळी सोडली. हनुवटीखाली एक चिमटा घेऊन कापडाला छोटा खोलगा दिला. पाऊण तासात नवे दोन मास्क झाले. धाकटी अंगणातून हलली नाही. थोरली परत येऊन बसली, नवी रेघ ओढली, नाड्या बांधल्या, आणि धाकटीनं श्वास घेऊन जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं.

"तर टॉवेल."

या वेळी वीस मिनिटं झाली, मग पंचवीस. टॉवेल संपला, दूध झालं, कुठल्याशा लग्नात थोरलीनं धाकटीला मागच्या रांगेत बसवलं होतं तेही झालं. दोघींच्या हनुवट्या वरखाली होत होत्या आणि कापड उलगडत होतं, मिटत होतं. थोरलीची नजर सारखी धाकटीच्या नाकावर. रेघ नाही. मनातून ती इतकी खूष झाली होती की दोन टोमण्यांना उत्तर द्यायचं विसरली.

"आता गप्प का?" धाकटी म्हणाली. "मग टॉवेलाचं सोडा. सही कोणी केली, ते सांगा."

थोरलीचा हात मास्ककडं गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"कसली सही?"

"नर्सिंगच्या फॉर्मवरची. पालकाची सही म्हणून जागा होती. तिथं नाव माझं आणि अक्षर तुमचं."

"तिला जायचं होतं."

"अठरासुद्धा पूर्ण नव्हती ती! त्याच्या आदल्या वर्षी तिला सर्कशीत जायचं होतं!"

"तू सही केली नसतीस."

"नसतीच केली! आणि आज ती घरात असती!" वळचणीची कबुतरं एकदम उडाली. "मला फोन करते, 'बरी आहे' म्हणते, ठेवते. तुम्हाला खरं सांगते. मी आई असून खरं ऐकायला मला भिंतीला कान लावावा लागतो!"

थोरलीकडं या प्रश्नाची सहा वर्षं घोटलेली तीन उत्तरं तयार होती. तिन्ही खणखणीत, शेजाऱ्यांनी मान डोलवावी अशी. तिनं तोंड उघडलं. चुणी उलगडली, हनुवटीखालच्या खोलग्यानं आपलं काम चोख केलं.

"हो," ती म्हणाली. "मी केली. तुला विचारायला हवं होतं."

धाकटीचा मास्क रेघेच्या वर, आपल्या जागी होता. पण डोळ्यांखालून कापड गडद होत चाललं होतं. आधी दोन ठिपके, मग दोन ओघळ, मग सगळी वरची कड. प्रत्येक श्वासाला ते आत ओढलं जात होतं, नाकाला चिकटत होतं.

"कोंडतंय," धाकटी म्हणाली. "हात लावू का?"

"काढ! काढ आधी तो!"

धाकटीनं गाठ ओढली, मास्क बादलीत टाकला आणि बाहीनं तोंड पुसलं. थोरली बादलीत डोकावून त्या भिजलेल्या तुकड्याकडं बघायला लागली.

"ओलं कापड वारा घेत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग हळू आवाजात, "ती रडत असेल का गं तिकडं?"

"सकाळीच रडली की."

"कधी?"

"'निम्म्यांना ऐकू येत नाही' म्हणाली, त्यानंतर. तुम्ही विचारलंत, काय करतेस. तेव्हा नाक ओढलं तिनं."

थोरली मशीनसमोर बसून होती तेव्हा. फोन हातभरावर होता. तिला नुसती वॉर्डाची खडखड ऐकू आली होती. धाकटीला वीटभर भिंतीपलीकडून ते ऐकू गेलं होतं.

तिनं घड्याळ उचलून पालथं ठेवलं.

"मग एकीला एकानं भागत नाही," ती म्हणाली. "ओला झाला की बदलायला दुसरा लागणार. पंधरा नाही, तीस."

"परवा सकाळपर्यंत?"

"परवा सकाळपर्यंत."

"तुमच्या एकटीच्यानं होणार नाहीत."

"झाले पाहिजेत."

धाकटी उठून आत गेली. दार लागल्याचा आवाज आला नाही. थोरली मशीनपाशी जाऊन दोऱ्याची बॉबिन भरायला लागली. बॉबिन भरत आली तेव्हा मशीनशेजारी घडी केलेली चादर येऊन पडली. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली, पांढरी, एका कोपऱ्यात मरून डाग. धाकटीनं तो डाग हुंदडणाऱ्या पोराला बखोटीला धरावं तसा चिमटीत धरून बाजूला केला आणि फळीवरची मोठी कातर उचलली.

"माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"मापं सांगा."

थोरलीनं मापं सांगितली. दोन हातांनी चादर ताणली गेली, कातर सरळ धावली. तुकडे पडत गेले, मशीन बोलत राहिलं, आणि ऊन अंगण ओलांडून भिंतीवर चढलं तरी दोघींतलं कोणी उठलं नाही. मग नाड्यांची पाळी आली. थोरलीनं पट्टी स्वतःच्या डोक्यामागून फिरवून पाहिली, वर गाठीपुरतं सोडलं आणि खडूनं खूण केली.

धाकटीनं कातर लावली नाही.

"काय झालं?"

"आखूड पडेल. तिचा अंबाडा मोठा असतो."

थोरलीनं खडू चार बोटं पुढं सरकवला आणि धाकटीकडं पाहिलं.

"आणखी," धाकटी म्हणाली.